सांध्यांची हाजरी

त्यांच्या घरात मिठाची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर असे आणि पाण्याचा माठ जमिनीत अर्धा पुरलेला. चहापत्तीचा डबा कोनाड्यात इतका आत, की खांद्यापासून हात घालावा लागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, दोघंच म्हातारा-म्हातारी राहतात, जागा मिळेल तिथं ठेवलं असेल. नंतर कळलं, ही सगळी मांडणी चाळीस वर्षांपूर्वी विचारपूर्वक केलेली होती.

"मीठ वर, पानी खाली," वस्ताद मला समजावून सांगत होते. "दिवसातून वीस खेपा माणूस तानते, वीस खेपा बसते. वेगळी कसरत कायले पाह्यजे?"

"इनको क्या," चाची चुलीपुढून म्हणाल्या. "नमक तो मेरे को लगता ना. चालीस साल से नमक के वास्ते कवायत कर रई मैं."

वस्तादांना याचा राग आला नाही. उलट पाहुण्याला घरची म्हैस दाखवावी तशा कौतुकानं त्यांनी मला चाचींचा खांदा दाखवला. अडुसष्टाव्या वर्षी ती बाई टाचा उचलून, हात सरळ वर नेऊन बरणी काढत होती, आणि तोंडानं नवऱ्याचा उद्धार चालू होता. माझी आई तेव्हा साठीची होती आणि तिला वेणी घालायला शेजारीण लागायची.

त्यांना सगळं दिग्रस वस्ताद म्हणे. मुसलमान मोहल्ल्यात उस्ताद, बाकी गावात वस्ताद. तीस वर्षं त्यांनी एका जिनात फिटर म्हणून काढली होती. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बेअरिंगला ग्रीस, पट्ट्यांचा ताण, रोलरचा आवाज, यांत त्यांची जवानी गेली. आणि संध्याकाळी आखाडा. लाठी, दोन्ही टोकांना गोळे असलेली बनाठी आणि मुख्य म्हणजे दांडपट्टा. हात कोपरापर्यंत लोखंडी मुठीत घालायचा आणि पुढं माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढं लांब, लवलवतं पातं फिरवायचं. वय विचारलं तर म्हणत, "सत्तर त होऊन गेले. पुढचे मोजाले कोन बसते?"

मी त्या गावात सरकारी कापूस खरेदीवर ग्रेडर म्हणून बदलून आलो होतो. कापसाची ती वर्षं फार वाईट होती. भाव पडलेला, कापूस अळीनं खाल्लेला, भिजलेला, पिवळा पडलेला. आणि ते पाहून सांगणारा मी. शेतकऱ्याच्या बैलबंडीवर चढायचं, मुठीत कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धागा ओढून पाहायचा आणि ग्रेड बोलायचा. माझ्या तोंडातून निघालेल्या दोन शब्दांनी समोरच्या माणसाचा चेहरा उतरे. तो पाहावा लागू नये म्हणून मी एक युक्ती काढली होती. मी मालाकडंच पाहायचो. तीन हंगाम मी मान वर केली नाही म्हटलं तरी चालेल.

आमची ओळख झाली ती एका बंडीच्या चाकापाशी. मी चाकाला धरून खाली उतरत होतो आणि उतरता उतरता गुडघ्यात कळ येऊन तोंडातून "आई गं" निघालं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर येऊन हलकेच आदळलं. पाहतो तर पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, तोंडात कडुनिंबाची काडी, आणि हा माणूस उलटा चालत होता. रोज सकाळी ते कापसाच्या आवाराला उलट्या पावलांनी तीन फेऱ्या मारत. बैल बिचकत, गाडीवान शिव्या घालत, आणि ते मागं न पाहता "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत पुढं, म्हणजे मागं, जात.

"साहेब, वय काय तुमचं?"

"पस्तीस."

"थे तुमचं. मी गुडघ्याचं इचारून राह्यलो."

हा म्हातारा मला चिडवतोय, असं समजून मी तोडून बोललो. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी चटईवर बसलो होतो. चटईवर, कारण त्या घरात खुर्ची नव्हती. कधी आलीच नव्हती. मुलीच्या लग्नात कुणी भेट दिलेली एक जोडी त्यांनी दारातूनच मशिदीला देऊन टाकली होती. मशिदीत शेवटच्या रांगेत चार खुर्च्या असत, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना नमाजासाठी. त्यांतल्या दोन वस्तादांच्या. "देल्या मी," ते म्हणत, "पन बसनार नाही."

त्यांची सकाळ हाजरीनं सुरू होई. जिनात भोंगा झाला की मुकादम मजुरांची हाजरी घ्यायचा, तशी हे आपल्या सांध्यांची घेत. चटईवर बसून पायाच्या बोटांपासून सुरुवात. "अंगठा?" अंगठा गोल फिरे. "हाजीर." मग घोटा, गुडघा, खुबा, असं करत करत मानेपर्यंत. डावा खांदा थंडीत बहुतेक गैरहाजर असे. मग ते त्याच्यावर ओरडत नसत. जवसाचं तेल कोमट करून लावत आणि थांबत. म्हणत, "जोड म्हंजे जावई. रोज इचारपूस केली त गोड. नाही केली त ऐन लग्नात तोंड वाकडं करते."

मी एकदा उत्साहात मांडी घालून गुडघा जमिनीला लावायला गेलो तर त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली. दुखणं दोन जातीचं असतं, असं त्यांचं म्हणणं. एक ओढीचं. ते दुखतं तसं बरंही वाटतं, त्याच्याशी दोस्ती करायची. दुसरं सुरीसारखं. ते आलं की तिथंच थांबायचं. आणि गुडघा सुजून गरम लागला तर तेल नाही, मालिश नाही, सरळ डॉक्टर. हे सांगताना ते आपलं उजवं मनगट पुढं करत. ते पूर्ण वळत नसे. तरुणपणी पैजेखातर कापसाच्या गाठींच्या थप्पीवरून उडी मारली होती, आणि सुजलेल्या मनगटानं तसाच आठ दिवस पट्टा फिरवला होता. "गाढव होतो," ते म्हणत. "हे मनगट त्या गाढवाची निशानी हाये."

म्हणूनच बहुधा ते वयाशी भांडत नसत. पन्नाशीला त्यांनी उड्या सोडल्या. साठीला गिरकी अर्धी केली. पुढं पट्टा खांद्यानं न फिरवता कमरेतून फिरवायला लागले. आखाड्यातले जुने लोक सांगत, म्हाताऱ्याचा पट्टा जवानीपेक्षा आता सुंदर दिसतो, कारण त्यात फुकटचं काही उरलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती, आणि सोडता येणारही नव्हती. तिच्याकडं येतोच.

त्याआधी बसचं सांगायला हवं. माझ्यासोबत ते एकदा यवतमाळला निघाले. एसटीत बसले, म्हणजे सीटवर चपला काढून उकिडवे बसले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पाय खाली घ्या."

"कायले?"

"सीट बसासाठी असते."

"मंग मी काय उभा हाव?"

"नीट बसा म्हनून राह्यलो."

"तिकीट बसाचं घेतलं का नाही म्या? आता कसं बसाचं, थे माह्यावर."

मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, बरोबर हाये बाबाचं. मग अर्धी बस एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला झाली. मी खिडकीबाहेर पाहत आपण यांच्यासोबत नाही असं दाखवत होतो. यवतमाळ येईपर्यंत ते तसेच उकिडवे, कोंबडी अंड्यावर बसल्यासारखे शांत. उतरताना सगळी बस कमरेवर हात ठेवून कण्हत उतरली आणि हे टुणकन उतरले. कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिकिटाच्या पेटीवर हळूच हात मारला. ती दाद होती, हे मला तेव्हाही कळलं.

माझा गुडघा त्यांनी चार महिन्यांत बरा केला, पण सतत खाली घालून आखडलेली मान काही सुटेना. तेल झालं, शेक झाला. एका सकाळी ते उलटे चालता चालता माझ्या बंडीपाशी थांबले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मी तीन बंड्या पाहिल्या. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या मानेले रोग नाही. तुमी ते वरच करून नाही राह्यले."

"काम खाली पाहायचंच आहे माझं."

"माल खाली हाये. मालक वर बसला हाये. बंडी आली का पह्यले मान वर करा, राम-राम घाला, तोंड पाहा. मंग माल पाहा. हेच औषध."

मला राग आला. तुम्हाला काय जातं, असं म्हणणार होतो. पण करून पाहिलं. पहिल्या दिवशी सतरा माणसांची तोंडं पाहिली आणि संध्याकाळी जेवण गेलं नाही. ग्रेड मी बदलू शकत नव्हतो, आणि बदललाही नाही. पण आता तो त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सांगावा लागे, का कमी आहे तेही सांगावं लागे, आणि काही जण रागावत, काही जण उलट मलाच समजावत. पंधरा दिवसांत मान मोकळी झाली. नोकरी मात्र तेव्हापासून जड झाली, ती जडच राहिली. या माणसाचे उपकार मी कशात मोजू, हे मला आजही कळत नाही.

आता ती गोष्ट.

आखाड्याची एक सलामी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आखाडा चौकात येई. वस्ताद मधे उभे राहत. उजवा हात पट्ट्याच्या मुठीत अडकलेला, डावा छातीवर. तसंच मांडी घालून जमिनीवर बसायचं, कपाळ मातीला लावायचं, आणि कशाचाही आधार न घेता उभं राहायचं. कपाळावरची माती मिरवणूक संपेपर्यंत पुसायची नाही. आणि नियम असा, की ज्या साली वस्तादाचा हात जमिनीला लागेल, त्या साली पट्टा तिथंच, त्याच चौकात, उतरवायचा. पुढच्यानं तो घालायचा आणि तीच सलामी तिथंच करून दाखवायची. जोवर वस्तादाचा हात लागत नाही तोवर पट्टा दुसऱ्याला देता येत नाही. आणि हात लागला, पण पुढचा उठू शकला नाही, तर पट्टा पेटीत जातो आणि आखाडा बंद. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या आखाड्याचं तसंच झालं होतं. त्यांचा पट्टा पेटीत गंजत होता.

पेच असा होता, की सगळ्या आखाड्यात बिनहातानं उठू शकणारा माणूस एकच, आणि तो सत्तरीच्या पुढचा. कापसाचा धंदा बसला तशी जिनं अर्धा हंगाम चालू लागली आणि आखाड्यातले जवान लोक हैदराबाद, सुरत, नागपूर करत पांगले. उरले सहा. त्यांत पट्टा चालवू शकणारा एकटा गजानन. एसटी डेपोत मेकॅनिक, अडतीस वर्षांचा, मनगट असं की वस्ताद म्हणायचे, "याचं मनगट मले देलं असतं खुदानं, त मी बादशहा झालो असतो." पण पुसद रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून त्याचा डावा गुडघा आखडला होता. तो बसायचा व्यवस्थित, उठताना मात्र हात जमिनीवर जायचाच.

चार वर्षं वस्ताद त्या गुडघ्याच्या मागं लागले होते. डेपोत जाऊन त्याला बसखाली झोपायच्या ऐवजी उकिडवं बसून काम करायला लावत. त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला मीठ कुठं ठेवायचं ते सांगून आले. ती बिचारी ठेंगणी, तिनं स्टूल आणलं. वस्तादांनी ते उचलून नेलं. गजानन वैतागून म्हणे, "वस्ताद, माह्या घरात भांडनं लावून राह्यले तुमी." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "बेअरिंग फिरून कमी झिजते बेटा, उभं राहून जास्त गंजते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. बैलाचे खांदे हळद-तुपानं मळायचे, शेकायचे आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वस्तादांच्या आखाड्यात त्या संध्याकाळी माणसांचीही खांदशेकणी होई. वस्ताद स्वतः प्रत्येकाचे खांदे, गुडघे मळत. आपला हिंदू सण, आपला मुसलमान सण असा हिशेब त्या आखाड्यात कुणी कधी केला नव्हता. "वर्षभर जू ओढते थो बैल," वस्ताद म्हणत. "त आपन का कमी ओढतो?"

त्या वर्षीच्या खांदशेकणीला त्यांनी गजाननाचा गुडघा अर्धा तास मळला आणि म्हणाले, "उठ."

गजानन उठला. हात छातीवरच होता.

"पुन्हा," वस्ताद म्हणाले. तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा आखाड्यात आरडाओरडा झाला, कुणीतरी ताशा बडवला. गजानन वस्तादांच्या पायावर पडला आणि लहान पोरासारखा रडला.

"परवा पट्टा तुह्या हातात," वस्ताद म्हणाले.

गजानन चटकन मागं सरला. "तसं नाही वस्ताद. तुमी उठून राह्यले तवरीक मी त्यात हात घालत नाही. नियम तुमचाच हाये. तुमचा हात लागन तेव्हा पाहू."

सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. मीसुद्धा. वस्ताद मात्र त्याच्या गुडघ्याकडं पाहत बसले होते.

पोळ्याच्या सकाळी आवारात मी त्यांच्याबरोबर उलटा चालत होतो. तोवर मलाही ते जमायला लागलं होतं. हंगाम नव्हता, आवार मोकळं होतं. ते म्हणाले, "गज्याचा गुडघा उसना हाये साहेब. आज उठते. पुढच्या पोळ्याले उठन का नाही, सांगता नाही येत. हाडाले मार हाये."

"मग?"

"मंग काही नाही." थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, चांगला माल हाये, आन् जानूनबुजून त्याले खालचा ग्रेड देला, त पाप लागते का?"

मला वाटलं, माझ्यावरच आहे हे. कुणीतरी माझ्याबद्दल त्यांचे कान भरले असणार. मी ताठून म्हणालो, "लागतं. आणि मी असं कधी केलेलं नाही."

"तुमचं नाही म्हनत बाप्पा. मालकानंच मागतला त? म्हनला, माह्या मालाले खालचा लिव्हा?"

"असा येडा मालक कोण असेल?"

ते हसले आणि पुढची फेरी पुरी केली.

करीच्या दिवशी चौक भरला होता. बैलांच्या अंगावरचे रंग अजून ओले, घराघरांतून मटणाच्या रश्श्याचा वास. वस्तादांनी पट्टा चढवला, डावा हात छातीवर ठेवला आणि खाली बसले. नेहमीसारखेच बसले, पाणी उतरावं तसे. कपाळ मातीला लावलं. मग उठायला लागले. अर्ध्यावर आले. आणि छातीवरचा हात निसटून खाली आला आणि जमिनीला लागला.

ताशा थांबला. एका म्हातारीनं "अरे बाप्पा" म्हटलेलं मला ऐकू आलं. गजानन धावत गेला आणि त्यांना काखेत धरून उचलायला लागला, तर ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, "मले नोको उचलू. पट्टा काढ."

गजाननानं तो त्यांच्या हातातून काढला. त्यानं तो घातला, बसला, माती लावली आणि उठला. त्या गर्दीत त्याचा गुडघा करकरलेला मला ऐकू आला, पण तो उठला. ताशा पुन्हा सुरू झाला.

कुणीतरी हॉटेलातून प्लास्टिकची खुर्ची आणली. मला वाटलं, हे लाथाडतील. ते तिच्यावर बसले. हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे ताठ, समोरून जाणाऱ्या आपल्या आखाड्याकडं पाहत. जमिनीला लागलेल्या हातापेक्षा मला ती खुर्ची जास्त लागली. मी एका दुकानाच्या पायरीमागं जाऊन डोळे पुसले.

दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं बरं दिसलं नसतं. चटईवर आम्ही दोघं समोरासमोर. चाची वाढत होत्या. मी रश्श्यात भाकरी बुडवत राहिलो. चाचींनी रस्सा चाखला आणि सवयीनं म्हणाल्या, "नमक कम है."

वस्तादांच्या एका हातात रश्श्याची वाटी होती, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. ते तसेच उठले. मांडीवरून सरळ वर, वाटीतला थेंब न सांडता. भाकरी दातांत धरली, टाचा उचलल्या, वरच्या फळीवरची बरणी काढली आणि तसेच खाली बसले.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मी पाहतोय. भाकरी अजून दातांतच होती. चाची माझ्याकडं पाहत होत्या, मी त्यांच्याकडं.

त्यांनी भाकरी काढली, बरणी चाचींपुढं सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ग्रेडर साहेब, माल खालचाच होता. तसाच लिव्हा."

मी म्हणालो, "लिहिला."

मग आम्ही पोटभर जेवलो.

पुढच्याच वर्षी माझी पांढरकवड्याला बदली झाली. वस्ताद आणखी चार वर्षं जगले आणि आठ दिवसांच्या तापात गेले. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला पोचू शकलो नाही. ही खंत राहिलीच. पण त्यांचं गुपित मी सांभाळलं. घरी बायकोलाही कधी बोललो नाही. खरं सांगायचं तर, एवढ्या मोठ्या गावात हे आपल्या एकट्याला माहीत आहे, याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या करीनंतर पंधरा वर्षांनी एका लग्नासाठी दिग्रसला गेलो, तेव्हा गजाननाकडं गेलो. तो बावन्न-त्रेपन्नचा झालेला, मिशा पिकलेल्या. पट्टा अजून त्याच्याकडंच. मागच्या पोळ्यालाही बिनहातानं उठला, असं त्याची बायको सांगत होती; तिचा मिठाचा डबा वरच्या फळीवर होता आणि घरात स्टूल नव्हतं. अंगणात चटई टाकून आम्ही चहा घेत होतो. मला राहवलं नाही. आता वस्ताद नाहीत, याला कळायला हवं, असं वाटलं. मी त्याला त्या दुपारची वाटी, भाकरी, बरणी, सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. मग हसायला लागला.

"साहेब, माहीत हाये."

"तुला?"

"मले काय, अर्ध्या गावाले. वस्ताद रोज पाच खेपा मशिदीत बसत-उठत नव्हते का? पह्यल्या रांगेत. शेवटलोक खुर्ची नाही घेतली. शंभर लोकं मांगून पाहत होते."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चौकात हात लागलेला माणूस त्याच संध्याकाळी मशिदीत हात न लावता उठला होता, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि चार वर्षं रोज. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनीच नाही सांगतलं. कोनी सांगत नव्हतं, तेच त. पुढच्याच शुक्रवारी मशिदीसमोर गाडी बंद पडली. मी गाडीखाली, पाना घेऊन. खालून सीधं आतलं दिसे. सारे म्हातारे हात लावू लावू उठून राह्यले, आन् आमचे वस्ताद..." त्यानं तळहात सावकाश वर नेऊन दाखवला. "पाना पडला हातातला."

"मग पट्टा परत नेऊन दिला नाहीस?"

"गेलतो न. पट्टा घेऊन घरापर्यंत गेलतो. दारात चाची होत्या. मले पाह्यलं, पट्टा पाह्यला, समजून गेल्या. म्हनल्या, 'बेटा, इस आदमी ने जिंदगी में एक बार झूठ बोला. वो भी चौक में, सबके सामने. अब तू वापस देने आया, तो दूसरी बार बोलना पड़ेगा इनको. कायको बुलवाता?'"

त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला.

"मंग पट्टा तसाच परत आनला, साहेब. आन् त्या दिवसापासून रोज सकाळी हाजरी घेतो. अंगठ्यापासून. एक दिवस नागा नाही. ते चौकात खाली बसले माह्यासाठी, मी काय रोज दहा मिनिटं नाही बसू शकत?"

त्यानं दोन्ही हातांत दोन कप घेतले आणि चटईवरून उभा राहिला. करकर आवाज आला, पण उठला.

मीही उठायला गेलो. वस्तादांनी बरा केलेला तो गुडघा, पण बदल्या झाल्या, खुर्च्या आल्या, हाजरी केव्हाच सुटली होती. अर्ध्यावर आलो आणि माझा हात आपसूक जमिनीला लागला.

मी वर पाहिलं. गजानन मान वळवून रस्त्याकडं पाहत उभा होता.

"म्या काही नाही पाह्यलं, साहेब," तो म्हणाला.